संध्याकाळी हुशार होणारा मेंदू

या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. नावं पुकारण्याचं काम मी सत्तावीस वर्षं केलंय, आणि एका नावावरून माणसं किती वर्षं तोंड फिरवून बसू शकतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

गडमुडशिंगीत मी दूध संस्थेचा सेक्रेटरी. ते पोटापुरतं. पंचक्रोशीत मला ओळखतात ते माइकवरचा माणूस म्हणून. आमच्याकडं लग्नात पाहुणा मंडपाच्या दारात आला, की त्याचं नाव, गाव आणि पद माइकवरून पुकारून यजमानांच्या वतीनं स्वागत करायचं असतं. अक्षता पडेपर्यंत हे चालू राहतं. आमटीत मीठ कमी पडलं तर माणसं चालवून घेतात, पण नाव राहिलं तर पंगतीवरून उठून जातात. कुणाच्या आधी कुणाचं नाव, कोण माननीय, कोण आदरणीय, कोण गेल्या महिन्यात माजी झाला, कुठले सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून त्यांच्या मध्ये तिसरं नाव घालायचं, ही सगळी मांडणी मी डोक्यात ठेवायचो. हातात कागद कधी धरला नाही. शेजारच्या गावात हेच काम करणारा आणखी एक जण आहे. तो मोबाइलमध्ये बघून नावं घेतो. मी त्याला 'वाचक' म्हणायचो, आणि तोंडावर म्हणायचो.

तर मार्गशीर्षातल्या एका लग्नात एक बडे पुढारी स्टेजवर आले. त्यांना जागा मिळावी म्हणून मी बोलता बोलता अदबीनं मागं सरकलो. चार पावलं सरकलो. माझ्या मागं स्टेज तीनच पावलं होतं. खाली साउंडवाल्याची पेटी होती, तिच्या कोपऱ्यावर डोकं मागून आपटलं.

रक्त आलं नाही. लोकांनी उचललं, पाणी पाजलं, खाली बसून राहा म्हणाले. पण माझा स्वभाव असा, की मी माइक परत मागून घेतला. पुढचं मला आठवत नाही, मंडपातल्या सगळ्यांना आठवतं. पहिल्या रांगेत गावातले सर्वांत वयोवृद्ध आजोबा बसले होते. त्यांचा मी 'कैलासवासी' असा उल्लेख केला आणि त्यांचं हार्दिक स्वागत केलं.

आजोबा काठी घेऊन उठले. "आरं, जित्ता बसलोय की मी हितं!"

दोघा-तिघांनी त्यांना धरलं. तोवर मी स्टेजच्या कडेला ओकत होतो, त्यामुळं यात भावकीचं काही राजकारण नाही हे त्यांना पटलं आणि मला गाडीत घालून हॉस्पिटलला नेण्यात आलं.

सीटी स्कॅन झाला. त्यात काही निघालं नाही. बायको बाहेर आली आणि ताटकळत बसलेल्या वीस-पंचवीस माणसांना तिनं सांगितलं, "डोस्क्यात कायबी न्हाय निघालं." यावर कुणालाही आश्चर्य वाटलं नाही.

महिन्याभरात बरं वाटेल असं सांगितलं होतं. महिना गेला, दुसराही गेला. ट्यूबलाइटकडं बघवेना. संस्थेत दुधाचे कॅन आपटले की कपाळात कळ जायची. रात्री झोप नाही, दिवसा धुकं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नावं गेली. माणूस समोर उभा आहे, त्याचं गाव आठवतंय, त्याच्या म्हशीचं फॅट किती लागतं तेही आठवतंय, पण नाव काही केल्या येत नाही. मी सरळ सगळ्यांना 'पावणं' म्हणायला लागलो. आमच्याकडं कुणालाही पावणं म्हणून चालतं, त्यामुळं बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. सख्ख्या चुलतभावाला "या पावणं, बसा" म्हणालो तेव्हा तो न बसता सरळ बायकोकडं स्वयंपाकघरात गेला.

मग उपाय सुरू झाले. शेजारी एसटीचे निवृत्त कंडक्टर राहतात, त्यांचं म्हणणं पडलं, "सेक्रेटरी, मेंदूला मेंदूच लागतोय. भेजा खावा." तीन रविवार मी बकऱ्याचा भेजा खाल्ला. चौथ्या रविवारी बकऱ्याचं नाव विचारलं असतं तर तेही सांगता आलं नसतं.

एवढ्यात लेकीचं लग्न जमलं. मुलगा नेसरीचा, माणसं चांगली, गोतावळा दांडगा. सुपारी फुटली, वैशाखातली तारीख धरली. उठता उठता मुलाचे वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पावणं, सवागत तुमीच करायचं बगा. तुमचं लई ऐकलंय आमी. आमच्याकडची माणसं मानाला लई कडक हाईत." बायकोनं मागून चिमटा काढला, पण त्याआधीच मी "व्हय की, त्यात काय" म्हणून बसलो होतो.

त्या रात्री मला खरी भीती वाटली. नेसरीकडचा एखादा मामा नावावाचून राहिला, तर त्याचं उट्टं माझ्यावर कुणी काढणार नव्हतं. ते लेकीला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. "तुझ्या बाऽनं आमचं नाव घेतलं न्हाय," एवढं वाक्य आमच्याकडं तीस वर्षं पुरतं.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात पाठवलं. जिना चढून वर जायचं. खालच्या मजल्यावर शिकवणीचा क्लास, त्यामुळं सूत्रांची घोकंपट्टी ऐकत ऐकतच वर पोचायचं. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या मेंदूला मुका मार बसलाय. स्कॅनमध्ये घराच्या भिंती दिसतात, आतली वायरिंग दिसत नाही."

हे मला पटलं. मुका मार मला माहीत आहे, लहानपणी वडिलांचा पुष्कळ खाल्लाय.

त्यांचा उपाय दोन पदरी होता. कपाळाला दोन ओले स्पंज लावून अगदी हलका करंट सोडायचा, वीस मिनिटं. आणि त्याच वेळी टॅबवर मेंदूचे व्यायाम करायचे. "करंटचा फायदा काहींना होतो, काहींना होत नाही," त्या म्हणाल्या. "अजून अभ्यास चालू आहेत. मी खात्री देणार नाही. मुख्य काम व्यायामाचं, आणि ते तुम्हीच करायचंय."

मला जरा रागच आला. आमच्याकडं म्हशीचा डॉक्टरसुद्धा खात्री देतो.

बायकोचा प्रश्न वेगळा होता. "करंट म्हंजी शॉक?"

"नाही हो काकू. छोट्या बॅटरीवर चालतं. मुंग्या आल्यासारखं वाटेल, बास."

बायकोनं स्पंज हातात घेऊन दाबून बघितला, हुंगला, मिठाचं पाणी आहे याची खात्री केली आणि मगच माझं कपाळ त्यांच्या ताब्यात दिलं. पण जिना उतरताना ती म्हणाली, "नेसरीत कळता कामा न्हाय. नवरीच्या बाऽला शॉक देत्यात म्हणून बोभाटा हुईल." तेव्हा दाताला जातो असं सांगायचं ठरलं. आठवड्यातले पाच दिवस मी गडमुडशिंगीहून सिटी बसनं, काळा चष्मा लावून आणि कानांत कापसाचे बोळे घालून, दाताला जायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात बसमधल्या एका गाववाल्यानं न राहवून विचारलं, "ओ सेक्रेटरी, दात हाईत तरी किती तुमास्नी?"

करंटबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. पट्टा आवळायचा, वायर जोडायची, दोन मिनिटं कपाळ चावल्यासारखं व्हायचं, मग खाज, मग काही नाही. अवघड होते ते व्यायाम. आकडे चमकून जायचे, ते उलट्या क्रमानं दाबायचे. चित्रं एकामागून एक यायची, दोन चित्रांआधीचंच परत आलं तर बटण दाबायचं. अनोळखी चेहरे आणि त्यांची नावं दाखवायचे, मग चेहऱ्याखाली नाव लावायला सांगायचे. सत्तावीस वर्षं मी जे काम मान घेऊन केलं, ते मला एक टॅब पहिलीच्या पोरासारखं शिकवत होता, आणि मी नापास होत होतो.

बाईंनी टॅब घरी दिला. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. निकाल आपोआप त्यांच्याकडं पोचतो म्हणाल्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी बाहेरच्या सोप्यात आरामखुर्चीत टॅब घेऊन बसलो. कंडक्टर चहाला आले होते. चार आकडे चमकले. माझ्या डोक्यात दोनच उरले. मी बोट हवेत धरून बसलो होतो, तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला, "चार, नऊ, दोन, सात! दाबा की!"

दाबलं. हिरवी चांदणी आली. मला इतका आनंद झाला की ती कुणाची हे मनात आलं नाही.

आता इथं आमच्या माणसांचा स्वभाव सांगायला हवा. दुसरा अडलाय आणि आपल्याला उत्तर येतंय, अशा वेळी गप्प बसणं आमच्याकडं माणुसकीला सोडून आहे असं धरतात. रिक्षावाल्यानं पत्ता विचारला तर चौघं सांगतात, त्यातल्या दोघांना तो माहीत नसतो. इथं तर घरातला माणूस आजारी, आणि उत्तर समोर दिसतंय. दुसऱ्या दिवशी वहिनी आली, थोरल्या भावाची बायको. चित्रांचा खेळ तिनं ताब्यात घेतला. "भावजी, मगाशी छत्री डाव्या कोपऱ्यात हुती, आन् आता केळी आल्यात, दाबा!" वीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण कुठली साडी नेसलं होतं हे सांगणारी बाई ती, तिच्यापुढं छत्री कुठं लपणार? चेहऱ्यांचा खेळ चुलतभावाच्या बायकोनं घेतला. आठ वाजताची मालिका बंद करून माणसं आमच्या सोप्यात जमायला लागली. लेक शहरातल्या नोकरीवरून उशिरा यायची, तिला आपल्या घरात सत्यनारायण आहे की काय असं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात टॅब माझ्या हातात राहिलाच नाही. एवढ्या आरड्याओरड्यानं माझं डोकं ठणकायचं, म्हणून मी आत पलंगावर कपाळाला ओलं फडकं लावून पडायचो. बाहेर माझ्या मेंदूवर उपचार चालू असायचे. मधूनच कंडक्टर ओरडून सांगायचे, "सेक्रेटरी, सातव्या पायरीवर गेला की तुमी!" आणि मला आतल्या आत बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? ते सगळं खोटं आहे हे मला कळत होतं, पण सकाळी एकटा बसलो की तीन आकड्यांवर घसरायचो, आणि त्या घसरण्याला मी भीत होतो. संध्याकाळच्या चांदण्या बघून वाटायचं, हा आकडा तिकडं दवाखान्यात माझ्या नावावर दिसतोय ना, मग हळूहळू खराही होईल.

महिन्याभरानं बाईंनी मला आणि बायकोला बसवून एक आलेख दाखवला. दोन रेघा होत्या. सकाळची रेघ जमिनीवर लोळत होती. संध्याकाळची पन्हाळा चढत होती.

"काका, हे फार इंटरेस्टिंग आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा मेंदू संध्याकाळी विलक्षण काम करतोय. संध्याकाळी काय वेगळं करता तुम्ही?"

"चहा घेतो," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. किती कप, साखर किती, तेही लिहून घेतलं. झोपेच्या वेळा विचारल्या. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. घरच्या खेळांची पायरी आणखी वाढवली, आणि दवाखान्यातली माझी वेळ सकाळची बदलून संध्याकाळची केली.

पायरी वाढल्याचा त्रास कंडक्टरांना झाला. आठ आकडे उलटे म्हणजे त्यांच्याही आवाक्याबाहेरचं. ते दुपारी घरी बसून वहीत सराव करायला लागले. "सेक्रेटरी, आता माजंच डोस्कं दुखाय लागलंय," असं ते एकदा म्हणाले, आणि त्या रविवारी त्यांच्याकडं भेजा आणला होता.

संध्याकाळच्या वेळेचा त्रास मात्र मलाच झाला. दवाखान्यात सहा वाजता पट्टा बांधला, टॅब पुढं आला, आणि मी चौथ्या आकड्याला आडवा झालो. बाईंनी स्पंज पुन्हा भिजवले. वायर तपासली. मशीन बदललं. चहा मागवला, मोजून दोन चमचे साखर घातलेला. मी तो प्यालो आणि तीन आकड्यांवर आलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता. माझ्या आधीच्या फायली काढून त्या बघत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी घसरण व्हायला नको होती. मला जरा काळजी वाटतेय. आपण एमआरआय करून घेऊ, आणि पुण्याच्या सरांनाही विचारते."

बायको कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पिशवी खाली ठेवली.

"बाई, ह्यास्नी कायबी झालेलं न्हाय. घरात ते खेळतच न्हाईत. शेजारचं कंडक्टर खेळत्यात, आन् आमची जाऊ."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता हसतील, हसल्या तर बरं होईल. त्या हसल्या नाहीत.

"काका, पुढच्या पेशंटला मी सांगणार होते," त्या म्हणाल्या. "करंटनं एका काकांना इतका फरक पडला म्हणून. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या आईला सांगितलंयसुद्धा."

यावर मी काय करावं? मी चिडलो. चूक माझी असली की मी हमखास चिडतो. हे पोरखेळ आहेत, माझं डोकं फुटायला आलंय, तुम्हाला एक खात्री देता येत नाही आणि मला शिकवता, असं मोठ्यानं बोलून मी कपाळाचा पट्टा काढला आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर चपलांच्या शेजारी बसलो. खालच्या क्लासमध्ये पोरं एका सुरात काहीतरी घोकत होती. तो आवाज पायरीतून वर येऊन डोक्यात घुसत होता.

थोड्या वेळानं बायको आली आणि शेजारी बसली. समजूत वगैरे काढणं तिच्या स्वभावात नाही.

"लगनात माइकवर बी कंडक्टरलाच हुबं करणार हायसा का?" तिनं विचारलं.

मी उठलो, आत गेलो आणि डॉक्टरीणबाईंची माफी मागितली. त्यांनी त्या मुलीच्या आईला माझ्यासमोरच फोन लावला आणि आपलं आधीचं म्हणणं मागं घेतलं. ते ऐकताना मला जी शरम वाटली, ती कैलासवासी आजोबांच्या वेळी वाटली नव्हती.

मग पहिल्या पायरीपासून सुरुवात. तीन आकडे. आतल्या खोलीत पडदा ओढून, एकट्यानं, दहा मिनिटं. मग डोळे मिटून पडायचं. मग परत दहा. बाहेर सोप्यात मंडळी रुसून बसायची. कंडक्टर दारातून डोकावून विचारायचे, "किती आकडं झालं?" बायको त्यांना चहा देऊन परत बसवायची. तीनाचे चार व्हायला बारा दिवस लागले. त्या चांदणीला मी कुणाला हाक मारली नाही, एकटाच बघत बसलो.

हळूहळू फरक पडला. डोकेदुखी रोजची होती, ती आठवड्यातून तीनदावर आली. झोप लागायला लागली. नावंही यायला लागली, कधी सकाळी विचारलेलं नाव दुपारी जेवताना घास हातात असताना यायचं. हे करंटनं झालं, व्यायामानं, की नुसते दिवस गेले म्हणून, असं मी बाईंना विचारलं. "मला सांगता येणार नाही, काका," त्या म्हणाल्या. या वेळी मला राग आला नाही.

पहिलं पक्कं आठवलेलं नाव त्या वयोवृद्ध आजोबांचं होतं. मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन, पाया पडून, नावानिशी माफी मागितली. आजोबा म्हणाले, "आता खरंच मेलो तर तूच पुकार. तुजा सराव झालाय."

लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा बाईंनी माझी परीक्षा घेतली. खिडकी उघडली, रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ दिले, दिवे लावले, आणि नेसरीकडच्या पाहुण्यांची नावं म्हणायला लावली. अकरा घेतली. बाराव्याला धुकं आलं, तेराव्याला डोळ्यांसमोर काजवे. मी टेबल धरून खाली बसलो.

"अर्धा तास," बाई म्हणाल्या. "हातात कागद, डोळ्यांवर चष्मा, आणि मध्ये विश्रांती. एवढं जमेल तुम्हाला."

"कागद धरून हुबं ऱ्हाण्यापेक्षा मी घरात बसतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बायको एकटीच शेजारच्या गावाला गेली आणि त्या 'वाचका'ला सुपारी देऊन आली. "सांगून आलो मी तेला," एवढंच तिनं जेवणाचं ताट पुढं सरकवावं तसं मला सांगितलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनं त्या दोन दिवसांत पत्रिका वाटून संपवल्या.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. मोबाइल काढून समोर बसला आणि म्हणाला, "मांडणी तुमची, मी नुसता वाचणार." टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, पण टोमणा नव्हता. चार दुपारी आम्ही बसलो. मी थोडं सांगायचो, डोळे मिटायचो, परत सांगायचो. प्रत्येक नावाला तो विचारायचा, तब्येत कशी आहे यांची, हयात आहेत ना, कुणाशी वाकडं नाही ना, पद अजून आहे ना. लग्नाच्या आदल्या दिवशी तो सगळीकडं फोन करून पुन्हा खात्री करतो, हे मला तेव्हा कळलं. सत्तावीस वर्षांत मी एकदाही असा फोन केलेला नाही. इतकी वर्षं त्याला काय काय बोललो ते आठवून मला वाईट वाटलं, आणि तसं मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "असू दे. तुमचं पाठांतर भारीच हुतं की."

लग्नाच्या दिवशी मी फेटा बांधून, काळा चष्मा लावून, कानांत बोळे घालून पहिल्या रांगेत बसलो. नेसरीकडच्या बायकांत नवरीचा बाप लई फॅशनवाला आहे अशी चर्चा झाल्याचं नंतर कळलं. लग्न खाली खुर्चीत बसून मी पहिल्यांदाच बघत होतो. नाव पुकारलं की माणूस चालता चालता टोपी नीट करतो, शेजारची बायको पदर सारखा करते, आणि दोघंही काही ऐकलंच नाही असं दाखवतात. वरून मला हे कधी दिसलं नव्हतं, कारण मी पुढच्या नावात असायचो. नेसरीकडचं एकही नाव राहिलं नाही. एका काकांचं 'माजी' राहिलं, पण ते उलट खूश झाले.

अक्षता पडल्या. माणसं पंगतीकडं निघाली होती, तेवढ्यात माइकवरून त्यानं मला न विचारता जाहीर केलं, "वधूपित्याला विनंती, आपल्या लेकीला आशीर्वाद द्यावा. मंडळी, दोन मिनिटं बसून घ्या." आणि खाली येऊन माइक माझ्या हातात ठेवला.

मी स्टेजवर गेलो. लेक मुंडावळ्या बांधून समोर उभी. एकच नाव घ्यायचं होतं. दिवे अंगावर होते, तरी डोक्यात धुकं नव्हतं, काजवे नव्हते. नाव स्वच्छ आठवत होतं, बारशाला मीच हट्ट धरून बसलो होतो म्हणून ठेवलेलं. पण ते घशाच्या वर येईना. या दुखण्यावर राजारामपुरीत खेळ नाही. मी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पुढच्या रांगांत कुजबुज ऐकू आली, "गेलं वाटतं परत."

बायको ताडकन उठली. माइकच्या जवळ आयुष्यात कधी न गेलेली बाई शालूचा काठ हातात धरून पायऱ्या चढली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि कुणाला दिसू नये म्हणून तोंडावर पदर धरून तिनं हळूच मला लेकीचं नाव सांगितलं. माइक आमच्या दोघांच्या मध्ये होता. साऱ्या मंडपानं ते ऐकलं. लेकीनं मान वर केली.

"आठवतंय गं मला," मी म्हणालो.

तेही माइकमधून गेलं. लेकीच्या लग्नात मी बोललो ते तेवढंच.